एका सीडीत दीडशे गाणी

दादा दारातून आत आला तो बोटात सीडी अडकवूनच. मधल्या भोकात तर्जनी घालून त्याने ती गर्रकन फिरवली आणि चपला काढता काढता म्हणाला, "हीसुद्धा नाही वाजली."

चिमी धुतलेलं भांडं पुसत होती. ते तिने ओट्यावर जरा जोरातच आपटलं. "स्टिरिओ काय म्हणतो?"

"म्हणणार काय, एरर. आत घेतो, घुर्रघुर्र करतो आणि जीभ दाखवल्यासारखी बाहेर ढकलतो. चिमे, तू नीट भरत नाहीस."

चिमी म्हणजे काही लहान पोर नव्हे. पन्नाशीला टेकलेली बाई, केस अर्धे पांढरे, एका फोटो स्टुडिओत वीस-बावीस वर्षं कॉम्प्युटरवर बसून लोकांच्या गालांवरचे डाग पुसत आलेली. पण भावंडांत धाकटी, म्हणून घरी चिमीच. स्टुडिओने नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा जुन्यातला एक तिने घरी आणला आणि खिडकीपाशी मांडला. त्याचा सीडीचा कप्पा अधूनमधून अडून बसे. मग पेपरक्लिप सरळ करून बारीक भोकात टोचली की तो रुसलेल्या पोरासारखा हळूच पुढे येई. त्या कॉम्प्युटरमुळे ती सगळ्या नातेवाइकांत हुशार ठरली होती, आणि या हुशारीचा तिला अलीकडे भयंकर कंटाळा आला होता.

दादा तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. उभा जन्म त्याने एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवली. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, ड्रायव्हर तोच. निवृत्त झाल्यावर दोन महिने तो घरात शांत बसला. तिसऱ्या महिन्यात ताकास तूर न लावता जाऊन एक जुनी गाडी विकत घेऊन आला. वहिनीला कळलं ते खिडकीखाली हॉर्न वाजला तेव्हा. त्यानंतर वहिनी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. दादाच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तो खाली गाडी पुसत होता.

गाडीत स्टिरिओ होता. "एका सीडीत दीडशे गाणी," दादाने पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. "विकणाऱ्याने खात्री दिलीय. मला भरून दे. सगळी जुनी गाणी."

"दादा, स्टिरिओला एमपीथ्री चालतं का? जुन्यांना चालत नाही."

"समोरच लिहिलंय. ठळक अक्षरात."

लिहिलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. चिमीने घरातल्या जुन्या कॅसेट आणि सीड्या धुंडाळून दीडशे गाणी जमवली, कॉम्प्युटरवर चढवली आणि सीडी भरून दिली. ती वाजली नाही. मग तिने हळू वेगाने भरून पाहिली. मग दुसऱ्या कंपनीची कोरी सीडी आणली. मग गाण्यांची नावं मराठीत होती ती एकेक करून इंग्रजी अक्षरांत बदलली, दीडशेच्या दीडशे, मान मोडेस्तोवर. प्रत्येक सीडी तिच्या कॉम्प्युटरवर गोड गळ्याने गायची आणि दादाच्या गाडीत मुकी व्हायची. पालथ्या घड्यावर पाणी.

बरं, गाडी इकडे घेऊन ये म्हणावं, तर तेही नाही. चिमीची गल्ली अरुंद. कोणीतरी ओरखडा काढील, या धास्तीने दादा गाडी घरी ठेवून बसने यायचा. स्वतःची गाडी असलेला माणूस, गाडीतल्या गाण्यांची तक्रार घेऊन, बसला लोंबकळत येतो. चिमीने हे स्टुडिओत सांगितलं तेव्हा सगळे हसले. तिला मात्र हसू आलं नाही.

आज तिने सहावी सीडी लावली. "आता ही भरून होईपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही," तिने बजावलं. "माउसला नाही, खुर्चीला नाही. जुना आहे तो, मध्ये काही झालं की सीडी वाया जाते."

"मी कशाला हात लावतोय?" दादा म्हणाला आणि खिडकीतून खाली बघण्यासाठी टेबलावर कोपर टेकून वाकला. कोपराखाली कीबोर्ड होता. पडद्यावर एकामागून एक चौकटी उघडल्या, कॉम्प्युटर गारठल्यासारखा थांबला आणि निम्मी भरलेली सीडी कायमची निकामी झाली.

चिमीने डोळे मिटले.

"माझ्यामुळे नाही झालं ते," दादा म्हणाला. "आधीच्या पाचांना कुठे मी हात लावला होता? तुझ्याच हातात काहीतरी आहे."

"उद्या सुट्टी आहे माझी," चिमी अगदी हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज असा खाली गेला की घरचे सांभाळून असायचे. दादाने मात्र आयुष्यात कधी सांभाळलं नव्हतं. "उद्या मी येते आणि तुझा तो स्टिरिओ माझ्या डोळ्यांनी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचली तेव्हा वहिनी दारातच भेटली. "या वन्सं. खालीच आहेत. सासरी मुलगी पाठवताना कोणी इतकी पुसून पाठवत नसेल."

गाडी खरोखरच लखलखत होती. दादाने तिला आत बसवलं, पण आधी पायपुसण्यावर पाय पुसायला लावले. मग स्टिरिओकडे बोट दाखवलं. "वाच."

तिथे ठळक चंदेरी अक्षरांत एमपीथ्री लिहिलेलं होतं. चिमीने चष्मा वर केला, खाली केला, मान पुढे नेली. आयुष्य फोटोंतले बारीक डाग शोधण्यात गेलेलं. तिला त्या अक्षरांभोवती केसाएवढी एक कड दिसली. तिने तिथे अंगठ्याचं नख लावलं.

"काय करतेयस? खरवडू नकोस."

नखाखाली कड उचलली गेली. चिमीने हळूच ओढलं आणि ती चंदेरी अक्षरं एका तुकड्यात तिच्या बोटाला चिकटून आली. खाली साधं काळं प्लास्टिक होतं.

दोघंही त्या बोटाकडे बघत राहिली. दुकानात असल्या चिकटपट्ट्या मिळतात. कोणीतरी एक घेतली होती, मापात बसवली होती आणि गाडीची किंमत वाढवली होती.

दादाने हात पुढे करून आरशावरचं कंपनीचं चिन्ह नखाने चाचपलं, मग स्टिअरिंगच्या मध्यावरचं, मग समोरच्या कप्प्याच्या कडीवरचं. ती काही सुटून आली नाहीत. मग तो चिमीकडे वळला.

"तुला कोणी सांगितलं होतं ते काढायला?"

चिमीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अरे, खोटं होतं ते."

"होतं तर होतं. बरं दिसत होतं."

चिमी गाडीतून उतरली. तिला दार आपटायचं होतं, पण दादाने ते मऊ कापडाने धरून हलकेच लावलं. ती तडक जिना चढून वर गेली आणि वहिनीसमोर बसून म्हणाली, "सहा सीड्या, वहिनी. दीडशे नावं मी एकेका बोटाने टाइप केली. आणि हा मला विचारतो, कोणी सांगितलं होतं." वहिनीने तिच्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसली. "मला गाडी घेताना विचारलं नाही, तुम्हाला चिकटपट्टी काढताना रागावले. तुमचा मान जास्त आहे वन्सं."

चहा संपेपर्यंत दादा वर आला. दारात उभा राहून, कोणाकडेही न बघता, म्हणाला, "मग आता गाणी लागणारच नाहीत का?"

लागणार होती. जुन्या पद्धतीची सीडी त्या स्टिरिओला चालली असती, पण तिच्यात गाणी मावतात पंधरा, फार तर अठरा. चिमीने समजावून सांगितलं. "दीडशेतली अठरा निवड. उरलेली दुसऱ्या सीडीत घालू, तिसरीत घालू. पण पहिली अठरा तू निवड."

आणि इथून पुढे तिच्या नाकी नऊ आले.

दादाला निवडता येईना. तो बसने येई, तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसे, एक गाणं निम्मं ऐके आणि म्हणे, "हे हवंच." प्रत्येक गाणं हवंच असे. मग काढायची वेळ आली की चेहरा उतरे. घरी जाऊन फोन करी, ते तिसरं काढ. तिने काढलं की पुन्हा फोन, राहू दे. स्टुडिओत समोर गिऱ्हाईक हनुवटी वर करून बसलेलं आणि इकडे कानाशी दादा विचारतोय, दुःखी गाणं घाटात बरं की सपाटीला.

एका संध्याकाळी ती वैतागून म्हणाली, "अरे, तुला नक्की आवडतं काय?"

दादा पडद्याकडे बघत राहिला. "मला काय माहीत," तो म्हणाला. "गाडीत साहेबांना आवडेल ते लागायचं. एक साहेब बातम्याच ऐकायचे. एकांना काहीच चालत नसे. घरी आलो की झोप. ही सगळी गाणी मी ऐकलीत, चिमे, पण दुसऱ्याने लावलेली."

चिमीचा राग गेला नव्हता, पण त्याला आता बसायला नीट जागा मिळेना. तिने पुढचं गाणं लावलं आणि या वेळी मध्येच न थांबवता पूर्ण वाजू दिलं. त्या आठवड्यात मिळून दादाने अकरा गाणी पक्की केली. मग हात टेकले. "उरलेली तू घाल. तुला आवडतात ती. ते एक घाल, तू सायकल शिकताना म्हणायचीस ते." आणि त्याने ते गुणगुणून दाखवलं, इतकं बेसूर की चिमीला ओळखायला तीन प्रयत्न लागले.

सीडी भरली गेली. दादाला त्या वेळी तिने बाहेर जिन्यात उभं केलं होतं.

रविवारी तिघंही निघाली. दादा स्टिअरिंगपाशी, चिमी शेजारी, वहिनी मागे. सीडी आत गेली, स्टिरिओ घुर्रघुर्रला, आणि पहिल्या गाण्याचे सूर सुरू झाले. स्वच्छ. चिमीने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाठ मागे टेकली.

"हा रस्ता पूर्वी एवढा रुंद नव्हता," दादा म्हणाला. "इथे वळणावर एकदा आमच्या दुसऱ्या साहेबांची टोपी उडाली होती." मग त्याने टोपीची गोष्ट सांगितली. मग पुलाची. मग ब्रेक कसा दाबायचा, कसा नाही, आणि समोरचा कसा चुकीचा दाबतोय. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. सायकलचं गाणं आलं आणि दादा गिअरविषयी बोलत होता.

"दादा, गप्प बस ना. मला ऐकू दे."

"ऐक की. मी कुठे नको म्हणतोय? गाडी चालवताना ड्रायव्हरने बोलायचं नसतं, एवढंच ऐकत आलोय. आता माझी गाडी आहे." आणि तो पुन्हा गिअरकडे वळला.

"कळलं का वन्सं," वहिनी मागून म्हणाली, "मला गाडी का नको होती?"

चिमीने आवाजाची कळ पिळली. दादानेही आवाज चढवला. अठराही गाणी अशी संपली आणि सीडी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. घरी पोचेपर्यंत त्यांतलं एकही कोणाला धड ऐकू आलं नव्हतं. उतरताना दादा म्हणाला, "फार छान भरलीयस." त्याचा चेहरा इतका खूश होता की चिमीला भांडताही येईना.

दुसरी सीडी तिने पुढच्या महिन्यात भरून दिली, तिसरी त्याच्या पुढच्या. मग एका सकाळी दार वाजलं. बाहेर दादा उभा, आणि त्याच्यामागे त्याच्याच वयाचे दोघे, इस्त्रीचे पांढरे शर्ट, हातात टोप्या. साहेबांच्या गाड्या चालवून निवृत्त झालेले त्याचे सोबती.

"यांच्याकडेही गाड्या आहेत," दादा अभिमानाने म्हणाला. "मी सांगितलं, आमची चिमी भरून देते."

चिमीने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग टेबलावरचा चष्मा उचलून चपला पायात सरकवल्या.

"गाड्या कुठे आहेत?" ती म्हणाली. "आधी स्टिरिओ बघू. नख लावून बघू."

"घरी आहेत," दोघांतला एक ओशाळून म्हणाला. "आम्ही बसने आलो."