उष्टं घर

आमच्या पाळणाघरातल्या बाईंना सगळे ठिणगी म्हणतात. तोंडावर नाही हं, तोंडावर म्हणायची कुणाची छाती आहे? मी तिथे दूध तापवते, पोरांची नाकं पुसते आणि दिवसभर बाईंचा आरडाओरडा ऐकते. पहिल्या दोन कामांचा पगार मिळतो, तिसरं फुकट.

पाळणाघर गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्याच्या आवारातच आहे. आया पॅकिंगच्या हॉलमध्ये आणि पोरं आमच्या गळ्यात. बाईही पूर्वी त्याच हॉलमध्ये होत्या. लग्नाआधी कामाला लागल्या, नवरा गेला तरी तिथेच उभ्या. एकदा मुकादमाने एका पोटुशा पोरीला बसायला स्टूल दिलं नाही. बाईंनी सरळ त्याचीच खुर्ची उचलली आणि तिच्याखाली सरकवली. काढून टाकावं तर हॉलमधल्या सगळ्या बायका हात बांधून उभ्या राहतील ही धास्ती. म्हणून पाळणाघरात पाठवलं, काय बोंब मारायची ती पोरांपुढे मारा म्हणून. मूलबाळ नाही बाईंना. लोक म्हणायचे, हिला पोरांतलं काय कळणार? माझ्या मते तरी मुकादमापेक्षा पोरंच बाईंना जास्त मानतात.

दर वर्षी सुट्ट्यांचा हंगाम सरला की न खपलेला माल दुकानांतून परत येतो. चमचमत्या कागदातल्या गोळ्या, साखरेच्या पट्ट्यापट्ट्यांच्या दांड्या, एकमेकांना चिकटलेले जेलीचे तुकडे. ती खोकी आमच्याकडे येतात. शिपाई सांगतो, मोठ्या मॅडमनी पोरांना प्रेमाने पाठवलंय.

"प्रेम? डोंबलाचं प्रेम!" बाई दर वर्षी खोकं उघडता उघडता पेटतात. "ज्या बायांनी ही गोळी न् गोळी गुंडाळली, त्यांना संध्याकाळी गेटवर पिशवी उलटी करून दाखवावी लागते. एक गोळी सापडली तर घरी बसा! आणि हेच उरलंसुरलं झालं की लागले प्रेमाचे उमाळे!"

तोंडाचा पट्टा चालू, पण हातही चालू. लहान, टणक गोळ्या आधी बाजूला काढतात. रांगणाऱ्यांच्या घशात अडकतील, म्हणून त्यांना फक्त कागद चुरगळायला. मोठ्यांना दुधाचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे. गोंद बाईंना चालत नाही. "ही पोरं आधी चाटतात, मग विचारतात," म्हणून पिठीसाखरेत चमचाभर पाणी घालून दाट पेस्ट करतात. डब्याला पेस्ट फासायची, वर गोळ्या लावायच्या, झालं घर. दांड्यांचं कुंपण. जेलीला दोन डोळे लावले की कासव. बाई स्वतः आधी एक घर करून दाखवतात, मग पोरांच्या घरांना हात लावत नाहीत. वाकडं तर वाकडं.

नियम मात्र एकच. काम चाललेलं असताना गोळी तोंडात घालायची नाही, आणि घातलीच तर ती परत टेबलावर ठेवायची नाही. तोंड लागलं, ज्याचं त्याचं. हा नियम बाईंनी हॉलमधून आणलेला. तिथे म्हणतात, तोंड लागलेला माल बाद, आणि बाद माल आत ठेवायचा नाही.

आजवर ही घरं आमच्याच फळीवर राहायची, आणि मुंग्या त्यांचा फडशा पाडायच्या. या वर्षी पिटुकलीने बाईंना विचारलं, "माझं घर आईला नेऊ?" पिटुकली म्हणजे एवढीशी पोर, बोलणं मोजून-मापून, पण डोळे असे की नाही म्हणायची सोय नाही. तिने घराला खिडकी ठेवली होती आणि खिडकीला गोळीचा लाल कागद लावला होता. आत जेलीचा एक तुकडा. ती आई. बसलेली. पिटुकलीची आई दिवसभर उभी असते ना.

बाई म्हणाल्या, "ने. या वर्षी सगळ्यांनी आपापलं घर घरी न्यायचं. बघतेच कोण अडवतं!"

झालं! पोरं आनंदाने नाचायला लागली. आणि नेमक्या दुपारी मोठ्या मॅडम आल्या.

फळीवरून बोट फिरवत फिरवत मॅडम लाल खिडकीपाशी थांबल्या. "किती गोड! हे गेटवरच्या काचेच्या कपाटात ठेवू. पाहुणे येतात, बघतील. बाकीची असू देत इथेच."

"मॅडम, ती पोरं घरी नेणारेत," बाई म्हणाल्या. आवाज अजून आत दाबलेला.

"घरी? बाई, कंपनीचा माल आहे तो. बायकांना एक गोळी नेऊ देत नाही आपण, आणि अख्खी घरं नेऊ द्यायची?"

"न खपलेला माल! तुम्हीच टाकलात आमच्या अंगावर!"

"आवाज खाली," मॅडम हसत म्हणाल्या. हसत हं, तेच जास्त झोंबलं. "यातून भांडणं होणार असतील तर पुढच्या वर्षीपासून हे उद्योगच बंद करू. खोकी पाठवायलाच नकोत."

मी वाट बघत होते, आता बाई खुर्ची उचलतात. कसलं काय! बाईंनी एकवार सगळ्या पोरांकडे बघितलं. पिटुकलीने तोवर आपलं घर फळीवरून उचललं होतं. बाईंनी वाकून तिच्यापुढे हात पसरले. "दे राजा. आपण दुसरं करू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडमचा राग आलाच, पण बाईंचा जास्त आला. जन्मभर आकांडतांडव आणि ऐन वेळी शेपूट घातलं! पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी घातलं, हे कळत होतं मला. पण कळलं म्हणून राग थोडाच जातो?

पिटुकलीने घर छातीशी धरलं. बाईंकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. मग जीभ बाहेर काढली आणि छप्पर चाटलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग भिंती. मग दार. लाल कागद सुद्धा सोडला नाही.

"बाई, तोंड लागलं," ती म्हणाली.

"शी!" मॅडम दोन पावलं मागे. "टाकून द्या ते. गेटबाहेर जाता कामा नये काही!" आणि निघून गेल्या.

बाई मटकन खाली बसल्या. पोरीने जे केलं ते आपल्याला का सुचलं नाही, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग उठल्या, फळीवरची घरं एकेक करून पोरांच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "भोंगा झाला की गेटवर चल. बघतीस काय?"

संध्याकाळी भोंगा झाला. गेटवर नेहमीची बायकांची रांग, पिशव्या उलट्या करायला. पिटुकलीची आई पुढे, हातात घर. गेटवरचा दाढीवाला पहारेकरी म्हणाला, "ताई, हे नाही जायचं. वरून सांगितलंय. इथेच ठेवा."

पिटुकलीची आई कधी मान वर करून बोललेली मी पाहिली नव्हती. तिने घर तोंडाजवळ नेलं आणि पोरीने चाटलेल्या छपरावरूनच जीभ फिरवली.

"तोंड लागलेला माल बाद," ती म्हणाली. "बाद माल आत ठेवायचा नाही. तुमचाच नियम आहे ना? की गेटवर दुसरा चालतो?"

मागच्या बाईने आपल्या पोराचं कासव चाटलं. तिच्या मागचीने कुंपण. रांगभर बायका घरं चाटत उभ्या! त्यात हसणारी एकही नव्हती. दाढीवाल्याने मान वळवली आणि हाताने 'जा, जा' केलं.

शेवटी बाई. हातात त्यांनी पोरांना दाखवायला केलेलं घर. बाईंनी ते चाटलं, गेटबाहेर पाऊल टाकलं, आणि तिथेच भर रस्त्यात हमसून हमसून रडायला लागल्या.

"अहो बाई, जिंकलो की आपण!" मी म्हटलं.

"जिंकलो?" त्या माझ्यावरच खेकसल्या. "आपल्याच हातची गोळी घरी न्यायची, तर आधी उष्टी करायची! याला जिंकणं म्हणतेस तू?"

पुढे पिटुकली आईच्या कडेवर बसून लाल खिडकीतून रस्त्यावरचे दिवे बघत चालली होती.