करीमभाईचं लोण

आमच्या कापड दुकानापुढे एक दगडी ओटा होता. गिऱ्हाईक दुकानात यायचं आणि किस्से ओट्यावर यायचे. गिऱ्हाईक निदान कधीतरी उठून जायचं, किस्से मात्र बसले ते बसलेच! एकाला बोट धरून बाहेर काढावं, तर त्याच्यामागे दुसरा उभाच असतो. परवा एका पाहुण्यानं विचारलं, "तुमच्या धामणगाव बढ्यात कधी कोणी मोठा खेळाडू झाला का हो?" मी म्हटलं, "बसा." बिचारा दिवेलागणीला उठला.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आमची राजधानी आधी नागपूर होती, मग मुंबई झाली. शाळेतल्या नकाशाचे रंग दर दोन-चार वर्षांनी बदलायचे. बदलत नव्हत्या त्या आट्यापाट्या. चुन्याची फक्की टाकून मैदानात आडव्या पाट्या आखायच्या. प्रत्येक पाटीत एकेक राखणदार. त्यांचा हात लागू न देता, हुलकावण्या देत पार जायचं आणि तसंच परत यायचं. परत आला त्यानं 'लोण' आणलं म्हणतात, म्हणजे मीठ.

देवराव पाटील आमचे कप्तान. जमीन भरपूर, मिशा त्याहून भरपूर. भीमराव मुख्य राखणदार. सडकेच्या कामावर मुकादम होता, आणि त्याच्या घरानं काही वर्षांपूर्वीच बुद्धधर्म घेतला होता. मला माझ्या वजनामुळे पळता येत नव्हतं, म्हणून मला पंच केलं होतं. आणि लोण आणायचा तो शेख करीम, गाद्या भरणारा पिंजारी. आमचा करीमभाई!

*

करीमभाई सापडला तो एका बैलामुळे.

पाटलांच्या गोठ्यासमोर तो गादीचा कापूस पिंजत बसला होता. पिंजणीचा टंग टंग आवाज ऐकून पाटलांचा तापट बैल बिथरला आणि दावं तोडून थेट त्याच्या अंगावर आला. बायाबापड्या ओरडल्या. करीम पळालाच नाही. तो डावीकडे झुकायचा, बैल डावीकडे जायचा, आणि हा उजवीकडून निघालेला असायचा. असं बराच वेळ चाललं. शेवटी बैल धापा टाकत खाली बसला, आणि करीम पुन्हा कापसापाशी!

पाटील धावत आले. आता शाबासकी मिळणार, असं आम्हाला वाटलं.

"करीम्या, थो बैल परवा बाजारात न्याचा हाय बे! इतका कायले दमवलं त्याले?"

मग जरा थांबून म्हणाले, "अन् तू उद्यापासून मैदानात ये."

*

करीमभाईचे वडील रहमानचाचा. नजर अधू झालेली, पण बोटांना कापसाची जात बरोबर कळायची. त्यांचा एकच सवाल असायचा, "खेळून काय भेटते?" मुलाचा एकही सामना ते बघायला आले नाहीत.

त्यात मलकापूरचे मामू, म्हणजे रहमानचाचांचे साले. मलकापुरात त्यांचं सायकलचं दुकान होतं, त्यामुळे ते स्वतःला मोटारीतले समजत. ते आले की ओट्यावर बसून सगळ्यांसमोर भाच्याला सुनवायचे, "बेटा, पळणाऱ्याले इनाम नाही भेटत. पळणाऱ्याले पोलीस भेटते!"

आम्ही हसायचो. रहमानचाचा मान खाली घालायचे. करीमभाईला ती खाली गेलेली मान दिसायची, आणि मग दुसऱ्या दिवशी मैदानात समोरच्या संघाची काही खैर नसायची.

*

आमच्या भागात तेव्हा एक रीत होती. हरलेल्या संघाच्या कप्तानानं, ज्यानं लोण आणलं त्याच्या घरी स्वतः मूठभर मीठ नेऊन द्यायचं. निरोप्याहाती नाही, स्वतः! दारात उभं राहायचं, मीठ द्यायचं, पाणी प्यायचं आणि जायचं. भांडण तिथंच संपलं.

मोताळ्याचा कप्तान नामदेव हा सतत हरणारा माणूस. त्याला करीमभाईच्या घराची वाट झोपेतही सापडली असती. एकदा मीठ देताना तो करीमभाईच्या बायकोला, अमिनाभाभींना, म्हणाला, "वहिनी, तुमी एखाद्या दिवशी याले पोटभर जेवू घाला ना. जड होईल त जरासा सापडंल तरी!"

भाभी आतून म्हणाल्या, "भाऊ, इत्ता नमक तुमने लाके दिया. अब खाना तो फीकाच खाता ये."

जानेफळवाले मात्र चिडके. एकदा हरल्यावर त्यांच्या कप्तानानं चिमूटभरच मीठ आणलं. देवराव पाटील नेमके तिथं बसलेले. त्यांनी ते तळहातावर घेऊन उन्हात पाहिलं आणि म्हणाले, "हे काय? तुमी अर्धेच हरले काय?"

तो मेहकर तालुक्यातला माणूस, घर काही जवळ नव्हतं. मुकाट्यानं आमच्या बाजारात गेला आणि मूठ भरून आणली.

*

रमजानचा महिना. जानेफळबरोबर सामना आमच्याच गावात. करीमभाईचा रोजा, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि सामना असा रंगलेला की सूर्य बुडायला आला तरी संपेना. मशिदीतून अजानचा आवाज आला. करीमभाई पाटीच्या पलीकडे उभा, ओठ सुकलेले. थांबतो म्हणायचा त्याचा स्वभाव नव्हता.

मी शिट्टी मारली.

जानेफळचा कप्तान धावून आला. "शिट्टी काऊन मारली? कोन्त्या नियमानं?"

मी म्हटलं, "पंचाले तहान लागली. पंचानं पानी प्यावं नाही, असा नियम आहे काय?"

भीमरावनं कळशी उचलली. आधी करीमभाईला पाणी दिलं, मग मला, मग सगळ्यांना. जानेफळकडच्या एका म्हाताऱ्यानं मात्र भीमरावकडे बघून हात मागे घेतला. देवराव पाटलांनी ते पाहिलं. भीमरावच्या हातून ते गटागटा पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "ज्याले तहान नसंल, थ्यानं पाटीबाहीर बसावं."

म्हातारा गुपचूप प्यायला. तो सामना आम्ही जिंकलो, हे सांगायला नकोच!

*

पुढे नागपूरला देशभरच्या संघांचे सामने झाले आणि तिथंही आमचा पिंजारी सगळ्यांत सरस ठरला. गळ्यात हार घालून परत आला, तेव्हा देवराव पाटलांनी जाहीर केलं, "आता करीम्याले दिल्लीचा पुरस्कार पाह्यजे!" खेळाडूंना दिल्लीला बोलावून मोठा मान देतात, हे आम्ही रेडिओवर ऐकलं होतं.

अर्जासोबत खेळतानाचा फोटो हवा होता. बुलढाण्याहून फोटोवाला आणला. त्याचा कॅमेरा लग्नाच्या फोटोंना सरावलेला. तो करीमभाईला सांगायचा, "जरा थांबा, इकडे बघा, हसा." पाटीत थांबून हसणारा आट्यापाट्यांचा गडी अजून जन्माला यायचा आहे!

फोटो आले. एकात नुसती धूळ. दुसऱ्यात एक पाय. तिसरा अगदी स्वच्छ, सुरेख. त्यात देवराव पाटील मिशीला पीळ देत उभे.

पाटील म्हणाले, "हाच पाठवा, चांगला आहे."

बरीच वादावादी होऊन पायाचा फोटो पाठवायचं ठरलं. भीमरावनं मागे वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर पाय श्री. शेख करीम यांचा आहे.'

*

त्यानंतर एक साहेब आले. मुंबईचे, बूटवाले. खेळांची पाहणी करत जिल्ह्यात फिरत होते. आम्ही त्यांना मैदानात खुर्ची दिली, शाल दिली, चहा दिला. सामना सुरू झाला. साहेब बराच वेळ इकडेतिकडे बघत होते.

"चेंडू कुठाय?"

पाटील म्हणाले, "सायेब, याच्यात चेंडू नसते."

"मग बॅट? काठी? जाळी?"

"काहीच नाही लागत सायेब."

"मग यात खर्च कसला होतो?"

"चुन्याचा," पाटील अभिमानानं म्हणाले.

साहेबांचा चेहरा पडला. "अहो पाटील, ज्या खेळाला खर्चच नाही, त्याला वर कोण विचारणार?"

माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाला, मी एक पाटी ओलांडून बघतो. बूट वाजवत निघाला आणि भीमरावनं त्याच्या पाठीवर हळूच हात टेकला.

"मी बाद?"

"हो सायेब. पन चांगले पळाले."

साहेब खूश झाले. "वर कळवतो," म्हणाले. काय कळवलं देव जाणे!

*

या सगळ्यात एक भानगड झाली. 'खेळून काय भेटते' म्हणणाऱ्या रहमानचाचांना कोणीतरी दिल्लीचं सांगितलं, आणि चाचा बदललेच. गिऱ्हाईकाची गादी भरता भरता सांगायचे, "पोराले दिल्लीचं इनाम येऊन राह्यलं." चक्कीवर सांगितलं, मशिदीत सांगितलं. शेवटी मामूंनाही सांगून ठेवलं. मामू म्हणाले, "आलं की दाखवा."

ज्या दिवशी रेडिओवर नावं सांगणार होते, त्या दिवशी आमच्या ओट्यावर ही गर्दी! नावं सुरू झाली. एकेका खेळाचं नाव यायचं, खेळाडूचं नाव यायचं आणि आम्ही पुढे सरकायचो. मग बातम्या संपल्या आणि गाणी लागली. कोणी रेडिओ बंदही केला नाही.

पाटील एकदम उसळले. "नाव शेख करीम हाय म्हनून नाही देल्लं! दुसरं काय?"

भीमराव म्हणाला, "असंल बी, नसंल बी. आमाले असं बऱ्याचदा वाटते पाटील. दाखवता येत नाही, अन् मनातून जात नाही."

सगळे करीमभाईकडे बघायला लागले. तो ओट्याच्या कडेला बसून पायाची माती झाडत होता.

"कायले भांडता बे? थे खेळाच्या नावापाशीच अडकले. माह्या नावापर्यंत आले कुठं? आधी माह्या नावापर्यंत येऊ द्या त्यायले, मंग भांडू!"

आम्ही हसलो. हसावंच लागलं. पण ओटा रिकामा झाल्यावर तो मला हळूच म्हणाला, "शेठ, मले काही नाही. बाजाराच्या दिवशी मामू येऊन राह्यले. अब्बानं काय दाखवावं त्यायले?"

मी आपला त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

*

बाजाराचा दिवस. रहमानचाचा सकाळपासून दारात बाजेवर बसलेले, पांढरी टोपी घालून. नाव आलं नाही हे त्यांना करीमभाईनं सांगितलं होतं. ते फक्त "अच्छा" म्हणाले होते. पाटील, भीमराव आणि मी उगीच तिथं रेंगाळत होतो.

आधी मोताळ्याचा नामदेव आला. दारात उभा राहिला आणि मूठ पुढे केली.

करीमभाई म्हणाला, "अरे नामदेवभाऊ, सामना झालाच नाही ना बे!"

"रेडिओ आमीबी ऐकला," नामदेव म्हणाला. "दिल्लीचं आमाले ठाव नाही. आमी त हरलो होतो."

भाभींनी घमेलं पुढे केलं, त्यानं मीठ टाकलं, पाणी प्यायला आणि जायचं सोडून तिथंच बसला. मग आसपासच्या गावांचे कप्तान आले. कोणी बाजाराला आले होते, कोणी मुद्दाम. प्रत्येक जण दारात गावाचं नाव सांगायचा, चाचा मान हलवायचे. सगळ्यांत शेवटी एसटीच्या धुळीनं माखलेला जानेफळचा कप्तान आला. त्यानं दोन्ही मुठी भरून मीठ टाकलं आणि देवराव पाटलांकडे बघून म्हणाला, "पाहून घ्या. पुरं हाय काय?"

पाटलांनी घमेल्यात डोकावून पाहिलं आणि नुसती मान हलवली.

घमेलं काठोकाठ भरलं. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. मामू!

मामूंनी सायकल भिंतीला लावली, गर्दी पाहिली, घमेलं पाहिलं. "क्या दुल्हेभाई, ये क्या है?"

करीमभाई जमिनीकडे बघत होता.

रहमानचाचांनी टोपी नीट केली. घमेल्याच्या काठावरून हात फिरवला, कापसावरून फिरवायचे तसा. आणि मान वर करून म्हणाले, "इनाम है. दिल्लीसे आया."

"नमक?"

"चखके देखो."

मामूंनी चिमूट जिभेवर ठेवली. एकेका कप्तानाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी हललं नाही. देवराव पाटील घसा खाकरून म्हणाले, "मामू, लय होतं. रस्त्यानं सांडलं थोडं."

मामूंनी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला, बाजेवर पसरला आणि म्हणाले, "थोडा इसमें बांध देओ दुल्हेभाई. मलकापूर में दिखाता हूं."