हाफ स्वेटरातला राक्षस

आमच्या घरात राक्षस तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात इंग्रजीचा मास्तर मी.

माझी मुलगी ऋतुजा दिवाळीच्या सुट्टीला हॉस्टेलवरून घरी आली ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि पिशवीभर फासे घेऊन. खेळ असा की एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं आणि कोण जगलं, कोण मेलं हे फाशांनी ठरवायचं. (वीस वर्षांच्या पोरी इंजिनिअरिंग सोडून हे करतात. फी आपण भरायची.) तिला हा खेळ राधानगरीच्या दिग्विजयबरोबर मराठीत खेळायचा होता. दिग्विजय म्हणजे माझ्या बायकोचा भाचा. बारा म्हशी सांभाळतो आणि इंग्रजीला म्हशींपेक्षा लांब ठेवतो. तेव्हा पुस्तकातला एक राक्षस मी मराठीत आणावा, असं ठरलं.

मी पुस्तक वाचलं आणि मला हसू आलं. दलदलीत राहणारा, तीन डोक्यांचा, तोंडातून घाण वास सोडणारा प्राणी. राधानगरीच्या पावसात रोज गुडघाभर चिखलातून म्हशी काढणाऱ्या माणसाला हा काय भीती घालणार? शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवल्यामुळे दुसऱ्याचं लिखाण सुधारायची मला सवय आहे. म्हटलं, भीती कशाला म्हणतात ते दाखवतो यांना. मग मला ठाऊक असलेली सगळ्यात भयंकर गोष्ट आठवली आणि मी कागदावर आत्ती उतरवली.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. कबनूरला असते. चाळीस वर्षं घराशेजारी यंत्रमाग खडखडत होते, त्यामुळे ती मीठ मागते तेव्हाही गल्लीला आग लागल्यासारखं वाटतं. माझा राक्षस गुहेच्या दारात हिरवं लुगडं नेसून बसायचा. मिश्रीनं दात काळे, आवाजानं कौलं उडायची. समोर येईल त्याला तो तीन प्रश्न विचारायचा : जेवलास का, पगार किती, पोट का सुटलंय. प्रत्येक उत्तराला वीर एक वीत लहान व्हायचा.

ऋतुजा वाचताना आधी हसली, मग थांबली. म्हणाली, "पप्पा, ही कबनूरची आज्जी आहे."

मी तिला सांगितलं की थोर साहित्य आयुष्यातूनच येतं, आणि आत्ती काही आपल्याकडे येत नाही.

ती येत नव्हती हे खरं होतं, आणि कारण मीच होतो. दोन वर्षांपूर्वी एका साखरपुड्यात तिनं माईक घेऊन "पावण्यांनी जेवून जावा" असं सांगितलं, आणि मी चारशे माणसांसमोर उभा राहून "जावं" अशी दुरुस्ती केली. आत्तीनं माईक खुर्चीवर ठेवला आणि न जेवता कबनूर गाठलं. तेव्हापासून आमच्या उंबऱ्याला तिचा पाय नाही. मला त्यात माझं काय चुकलं ते कळलं नव्हतं. मनीषाला, म्हणजे माझ्या बायकोला, ते रोज कळत होतं.

पाडव्याच्या सकाळी रिक्षा दारात थांबली आणि आतून आवाज आला, "रव्या, पिशवी धर." मनीषा आठवडाभर मला न सांगता फोन करून तिची समजूत घालत होती. आता स्वयंपाकघरात नेऊन तिनं मला हळू आवाजात बजावलं की या वेळी आत्ती रुसून गेली, तर तिच्या मागोमाग दुसरी रिक्षा माझ्यासाठी येईल.

दिग्विजय आदल्या दिवशीच आला होता; दुपारी आत्ती झोपेल आणि आम्ही खेळून घेऊ, असा माझा हिशेब. आत्ती झोपली नाही. सतरंजीवर मांडी घालून बसली आणि मलाबी घ्या म्हणाली. ऋतुजानं तिला तलवार देऊ केली, तिनं कोयता मागून घेतला. अंगावर लुगडं हिरवंच होतं.

गोष्ट सांगायचं काम माझं, म्हणून मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे कागद धरला. "गुहेच्या दारात हिरवं," इथवर वाचलं आणि समोर पाहिलं. "हिरवं नाही," मी म्हणालो, "करडा हाफ स्वेटर घातलेला राक्षस बसला होता." पुढे दात आले. काळे म्हणायची सोय नव्हती, म्हणून सांगितलं की दात दिसत नाहीत, कारण तो हसतच नाही. कौलं उडवणारा आवाज काढून टाकला आणि बारीक, नाकातून येणारा घातला. नाकाच्या शेंड्यावर चष्मा बसवला. तीन प्रश्न आले, पण तिथंही सुचलं. हा राक्षस प्रश्न विचारत नाही, म्हटलं, समोरच्यानं बोललेलं वाक्य दुरुस्त करतो, आणि दुरुस्त झालेला माणूस वीतभर लहान होतो. (आयत्या वेळी इतकं सुचणं सोपं नसतं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली.)

दिग्विजय पुढं सरसावला. "मामा, म्या त्याच्या मुंडीवर घाव घालतो."

"म्या नव्हे, मी," राक्षस म्हणाला. दिग्विजय एक वीत गेला. नंतर "मुंडी"वर एक गेली आणि "न्हाय"वर दोन. चौथ्या डावात तो माझ्या गुडघ्याएवढा झाला. ऋतुजानं जादूचा मंत्र म्हटला, त्यात राक्षसाला ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली. मला फार मजा येऊ लागली होती. बाकी कुणी हसत नव्हतं, ते भीतीमुळे असावं असं मी धरून चाललो.

मग आत्तीची पाळी आली. तिनं ऋतुजाला विचारून घेतलं की मारामारी केलीच पाहिजे का. नाही केली तरी चालतं म्हटल्यावर कोयता बाजूला ठेवून तिनं राक्षसाला सांगितलं, "बाबा, तुझंच बरूबर हाय. आमी अडाणी. तू बस हितंच एकटा, आमी चाललो जेवाय."

तिघं वीर पाठ फिरवून निघाले. मी कागद खालीवर पाहिला. दुरुस्त करायला कुणीच उरलं नाही तर राक्षसानं काय करायचं, हे मी लिहिलंच नव्हतं.

आत्ती माझ्याकडे निरखून पाहत होती. स्वेटर पाहिला, चष्मा पाहिला. "रव्या," ती म्हणाली, "ह्यो तूच हाईस की रं."

दिग्विजय मान खाली घालून पुटपुटला की त्याला ते पहिल्यापासून कळलं होतं, पण मामांनी मुद्दामच केलं असेल म्हणून तो गप्प राहिला. स्वयंपाकघरात मनीषाच्या हातून पातेलं निसटलं. हसण्यामुळे, हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात आत्तीनं हात लांब करून पुठ्ठ्यामागचा कागद ओढला. मूळचा, हिरव्या लुगड्याचा. मी काही बोलायच्या आत तिनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली होती. मला दुसरी रिक्षा दिसू लागली. आत्तीनं शेवटपर्यंत वाचलं, परत वर जाऊन कौलांची ओळ वाचली.

"ही ब्येस हाय," ती म्हणाली. "हिला कोण मारत न्हाय बघ." आणि कागदाची घडी करून तिनं कनवटीला लावली.

आत्ती आठ दिवस राहिली. मी आठही दिवस ऐकून घेतलं आणि काहीही दुरुस्त केलं नाही. तिसऱ्या दिवशी मला थोडा ताप आला होता, तो त्यामुळेच असं डॉक्टरांना सांगता येईना.

गेल्या आठवड्यात ऋतुजाचा हॉस्टेलवरून फोन आला. स्वेटरवाला राक्षस तिथं मैत्रिणींनी खेळून पाहिला, पण एकदा त्याच्यासमोर बसलेली मुलगी दुसऱ्या दिवशी खेळायला येईना, म्हणून त्यांनी त्याची ताकद निम्मी केली आहे. मी कौतुकानं ही बातमी मनीषाला सांगितली. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, आतल्या खोलीत गेली, दार लावलं आणि ते नेमकं कसं करतात, हे वही-पेन घेऊन अर्धा तास विचारत बसली.