फळा पाठ असलेला माणूस

अण्णा गेले तेव्हा मी त्यांच्याशीच भांडत होते. म्हणजे फोनवर, घरच्या ग्रुपवर. त्यांनी सकाळी एका भाषणाचा व्हिडिओ टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'ऐक आणि मग बोल.' मी झाशीच्या सीपरी बाज़ारमध्ये ऑटोत बसून भराभर उत्तर टाइप करत होते, चांगलं लांबलचक. तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या गुप्ताजींचा फोन आला. "बिटिया, नगरा आ जाओ. अण्णाजी नहीं रहे." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि... खरं सांगते, ते अर्धं वाक्य पुढे टाइप करत राहिले. दोन-तीन शब्द. मग कळलं.

अण्णा म्हणजे माझ्या बाबांचे सगळ्यांत थोरले भाऊ. रेल्वेत इंजिन चालवायचे, आधी मालगाड्या, मग एक्सप्रेस. आमची मराठी कशी, तर घरात बोलतो तेवढीच. दाराबाहेर पाय टाकला की हिंदी सुरू. माझ्या वयाची भावंडं तर मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देतात. अण्णा मात्र मला दर रविवारी मराठी पेपर मोठ्यानं वाचायला लावायचे. आज हे लिहिता येतंय ते त्यामुळेच, चुका असतील तर त्या माझ्या.

आमच्या घरात अण्णांची एक गोष्ट होती. लग्नात, मुंजीत, मंडळाच्या गणपतीत, जिथे चार मराठी घरं जमतील तिथे कुणीतरी ती सांगायचंच. गोष्ट अशी, की इंजिन चालवणाऱ्यांची डोळ्यांची तपासणी होते आणि वय वाढलं की ती लवकर लवकर होते. अण्णा प्रत्येक वेळी पास. पण एक दिवस त्यांना लांबचं जरा धूसर वाटलं आणि त्याच दिवशी ते आपल्या पायांनी डॉक्टरकडे गेले, म्हणाले, मला इंजिनावरून उतरवा. त्यांना उतरवलं आणि ड्रायव्हर हजेरी लावतात त्या ऑफिसात खुर्चीवर बसवलं. रिटायर होईपर्यंत ते तिथेच. सांगणारा शेवटी म्हणायचा, याला म्हणतात चारित्र्य. अण्णा तेव्हा खाली बघत सुपारी कातरत असायचे. मला वाटायचं, किती नम्र आहेत.

मागच्या निवडणुकीच्या आधीची गोष्ट. एका मोठ्या नेत्याच्या वयावरून सगळीकडे वाद चालला होता. नाव कशाला लिहू, दर निवडणुकीत असा एक असतोच. अण्णा त्यांचे कट्टर समर्थक. रविवारी आम्ही सगळे नगऱ्याला अण्णांकडे जेवायला, काकूनं पुरण घातलेलं, आणि मी सुरू झाले. त्यांना समोरचा कागद नीट वाचता येत नाही, नावं विसरतात, बाजूला उभा असलेला कानात सांगतो आणि मग हे बोलतात, अशा माणसाच्या हातात देश कसा द्यायचा? अण्णा शांतपणे म्हणाले, वय काय बघतेस, माणूस बघ. एवढ्या वर्षांत एक डाग दाखव. मी म्हटलं, आपल्या गावच्या राणीनं तर पोरवयात... त्यावर त्यांनी हात वर केला. "राणीला सोड. झाशीत जो वाद हरायला लागतो तो राणीला मध्ये आणतो." सगळे हसले. माझं डोकं फिरलं. आणि मी माझ्याकडचं सगळ्यांत भारी वाक्य काढलं.

"तुम्ही स्वतः सोडलंत ना इंजिन? धूसर दिसलं त्याच दिवशी? मग त्यांना तेवढंसुद्धा का जमत नाही?"

अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. पानात अर्धी पोळी तशीच होती. उठले, हात धुतले आणि आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, जिंकले मी. घरी जाताना ऑटोतच ग्रुपवर टाकलं, 'आज अण्णा हरले', पुढे हसणारे चार चेहरे. आमच्या घरात अण्णांना कुणी कधी असं म्हटलेलं नव्हतं. बाबा माझ्यावर ओरडले, पण पाठवलेलं पाठवलं होतं, सगळ्यांनी वाचलंही होतं. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही आला, अण्णांनी मला पेपर वाचायला बोलावलं नाही. माझी हिंमत होईना जायची. ते पंधरा दिवस मी कसे काढलेत ते माझं मला माहीत.

मग एका दुपारी त्यांचाच फोन. ये म्हणाले. काकू देवळात गेली होती. त्यांनी मला समोर बसवलं आणि खिडकीकडे बघत बोलायला लागले, मध्ये मध्ये थांबत.

इंजिनात दोघं असतात, ते म्हणाले. ड्रायव्हर आणि त्याचा सहायक. सिग्नल दिसला की दोघांनीही मोठ्यानं बोलायचं असतं, हिरवा तर हिरवा, लाल तर लाल. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची असावी म्हणून. अण्णांचे सहायक चाळिशीचे होते, इकडचेच, बुंदेली बोलणारे, अण्णांना दद्दा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचे. अण्णांना धूसर दिसायला लागलं ते एका दिवसात नव्हे. आठ महिने ते तसेच गाडी चालवत होते. आणि त्या आठ महिन्यांत एक डोळ्यांची तपासणीही झाली, त्यात ते पास झाले, कारण भिंतीवरच्या फळ्याची अक्षरं त्यांनी पाठ केली होती. वरपासून खालपर्यंत. गाडीत काय करायचे, तर सहायक आधी बोलतील याची वाट बघायचे. ते म्हणाले हिरवा, की मागून अण्णा म्हणायचे हिरवा. इतकं पटकन, की दोघांचा आवाज एकच वाटावा.

"मला वाटायचं, त्याला कळलेलं नाही," अण्णा म्हणाले. "तो मला इतका मानायचा की..."

एका संध्याकाळी सिग्नल आला आणि सहायक बोललेच नाहीत. मुद्दाम. आकाश स्वच्छ होतं. धुकं असतं तर बरं झालं असतं, अण्णा म्हणाले, सांगायला कारण तरी मिळालं असतं. सहायक गप्प, म्हणून अण्णाही गप्प. गाडी पुढे चाललेली, मागे सगळे डबे माणसांनी भरलेले. शेवटी सहायकांनीच ब्रेक लावला. लाल सिग्नलच्या अलीकडे गाडी उभी राहिली. मग ते अण्णांकडे न बघता हळूच म्हणाले, "दद्दा, हम नईं बोले तो आप भी नईं बोले."

एवढंच. त्यांनी कुठे तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा डॉक्टरकडे गेले आणि म्हणाले, फळा मला पाठ आहे, दुसरा लावा.

मी म्हटलं, पण शेवटी तुम्हीच जाऊन सांगितलंत ना, अण्णा. ते हसले. म्हणाले, आठ महिने उशिरा, आणि मग पंचवीस वर्षं लोक माझी आरती करताहेत, तीही मी ऐकून घेतली. "तू त्या नेत्याचं बोललीस ना, कानात सांगतात मग तो बोलतो. ते मला तुझ्या आधी दिसलं होतं. मी ओळखतो तो आवाज. पण मान्य केलं असतं तर माझंही..." मग ते जे म्हणाले ते मी घरी जाऊन लगेच टाइप करून ठेवलं, विसरू नये म्हणून. "लबाड माणूस म्हातारा झाला तर लोक त्याला ओढून खाली उतरवतात. चांगल्या माणसाला, आता पुरे, असं सांगायची सगळ्यांना लाज वाटते. म्हणून चांगला माणूस जास्त धोक्याचा, पोरी. वय झालं हे कबूल करणं हाच चारित्र्याचा शेवटचा पेपर. मी त्यात आधी नापास झालो, मग पास."

मतदानाला मीच त्यांना घेऊन गेले. मत कुणाला दिलं ते विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. परतताना एवढंच म्हणाले, की हे ते जिवंत असेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, नंतर मात्र लिहायचं. त्यांना धाडस नाही आणि मला टाइप करायची हौस आहे, तेव्हा जमेल.

अण्णांच्या तेराव्याला घर भरलं होतं. गुरसरायहून चुलत आजोबा आले होते, त्यांनी सगळ्यांसमोर तीच गोष्ट सांगितली, त्याच दिवशी, आपल्या पायांनी, याला म्हणतात चारित्र्य. बायकांनी डोळे पुसले. माझं वचन तर संपलं होतं, पण तोंड उघडेना. लिहिलं तर लोक म्हणतील, मेलेल्या माणसावर चिखल उडवते. नाही लिहिलं तर मीही ती आरतीच करत राहणार. आठवडाभर जेवण गेलं नाही. शेवटी काकूकडे गेले, म्हटलं, तिची परवानगी नसेल तर विषय बंद. आणि फळ्याचं सगळं तिला सांगून टाकलं, घाबरत घाबरत.

काकू तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"मला काय सांगतेस," ती म्हणाली. "पाठांतर मीच घ्यायची."

तपासणीहून परत आलेल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून अण्णांनी अक्षरं उतरवून आणली होती. रोज सकाळी ते दाढी करायचे, काकू मागे कागद घेऊन उभी राहायची आणि ते आरशात बघून म्हणायचे. चुकले की ती पुन्हा म्हणायला लावायची. मी विचारलं, भीती नाही वाटली, गाडीत एवढी माणसं... काकू म्हणाली, "वाटायची ना. ते गेले की परत येईपर्यंत देवापुढे बसायची. पण इंजिनावरून उतरले तर हे कोण राहतील, याची जास्त वाटायची." मग तिनं ताट बाजूला सरकवलं, उठून आतल्या खोलीत गेली, लोखंडी पेटीच्या तळातून एक घडी घातलेला कागद काढून आणला. जुन्या कॅलेंडरची पाठ. वर मोठं अक्षर, खाली लहान लहान होत गेलेली, सगळं काकूच्या गोल हस्ताक्षरात. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीच्या खुणा, अण्णा जिथे जिथे चुकायचे तिथे. एका अक्षराखाली तर इतक्या खुणा, की कागद फाटायला आला होता.

मी तो हातात धरून बसले. काकू पुन्हा तांदळाशी.

"लिही तू," थोड्या वेळानं ती म्हणाली. "पण माझंही लिही. नाहीतर सगळं त्यांच्या एकट्यावर येईल."