निंबानाना आणि न उगवलेले जंतू

निंबानाना तपासायला आलेली प्रत्येक बाटली आधी खिडकीच्या उजेडात धरून हलवत. खोकल्यातला दाट बेडका हवा असताना कुणी नुसती लाळ आणली, की बाटली परत. "हाई थुका शे, भाऊ. सकाळी चूळ भरा, छातीमाईन खोकला काढा, मंग या." मूळचे साक्रीकडचे हे गृहस्थ, सारी नोकरी त्यांनी जळगावच्या इस्पितळातल्या लॅबमध्ये जंतू ओळखण्यात घालवली. समजावताना पुस्तकी मराठी बोलत, चिडले की अहिराणी.

मुलांनो, आजोबांच्या न्यूमोनियाबद्दल तुम्ही फोनवर "आता बरे आहेत" एवढेच ऐकलेत. त्यांना मधुमेह, त्यात हे. इंजेक्शने चालू असूनही ताप उतरेना, धाप वाढत चालली. कोणते औषध लागू पडेल हे कळावे म्हणून डॉक्टरांनी बेडक्यातले जंतू वाढवून पाहायला सांगितले. लॅबने बाटली दिली. तुमच्या या आजीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. झाकणावर धूळ दिसली, म्हणून मी अख्खी बाटली जंतुनाशकाने विसळली आणि मगच नमुना पाठवला.

दोन दिवसांनी नाना स्वतः वॉर्डात आले.

"आक्का, सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंच्या जाड गुलाबी काड्या दिसतात, पण जंतू वाढवायच्या थाळीत एकही उगवत नाही. औषधाने मेल्या म्हणावं, तर ताप उतरायला हवा होता. बाटली धुयी का तुम्ही?"

"स्वच्छच केली हो."

"कशानं?"

मी सांगितले. नाना कपाळाला हात लावून स्टुलावर बसले. "तुमनी स्वच्छता! बठ्ठा जंतू मारी टाकात!"

"घरी मीही... असाच धुतला जातो, नाना," आजोबा ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाले आणि हसताहसता त्यांना उबळ आली. नानांनी झटकन खिशातली नवी सीलबंद बाटली उघडली. "थांबा आबा, हा खोकला वाया नका घालवू!"

नमुना घेऊन ते निघाले, तेव्हा मी दारात गाठून म्हटले, "पहिल्या अहवालात माझी चूक नका हो लिहू."

"तुमचं नाव नाही लिहीत, आक्का. पण नुसतं 'वाढ नाही' लिहिलं, तर वाचणारा समजेल, आबांच्या छातीत जंतूच नव्हते. कारण लिहावंच लागेल."

या वेळी जंतू उगवले. सुईने उचलताच पाकासारखी तार धरणारे, चिकट. थाळीत नानांनी निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या होत्या; चालू औषधाच्या चकतीला खेटून ते खुशाल वाढले होते. दुसऱ्या एका चकतीभोवती मात्र स्वच्छ रिकामे वर्तुळ होते, म्हणजे त्या औषधापुढे जंतूंचे काही चालले नव्हते. डॉक्टरांनी इंजेक्शन बदलले. तिसऱ्या दिवशी आजोबांनी मास्क काढून चहा मागितला.

नाना निवृत्त होऊन गावी परतले, त्या दिवशी मी आजोबांची फाइल काढली. पहिल्या अहवालावर नानांच्या अक्षरात होते: "बाटली नातेवाइकाने जंतुनाशकाने धुतल्यामुळे हा निष्कर्ष ग्राह्य धरू नये." मी पेन घेतले आणि 'नातेवाइकाने' या शब्दाच्या वर माझे पूर्ण नाव लिहिले.