भावासाठी मगज काढला तो दिवस

धाकट्या भावाच्या हाडांत रक्त तयार होईनासं झालं, तेव्हा सावली तालुक्यातल्या आमच्या गावात त्या रोगाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. बल्लारशाहून गाडी धरून आम्ही दक्षिणेतल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तपासणीत माझ्या हाडातला मगज त्याच्याशी जुळला. त्या मगजात रक्ताच्या मूळ पेशी असतात, त्या त्याच्या हाडांत रुजल्या तर तो वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याआधी जालीम औषधांनी त्याचा स्वतःचा मगज पार मारून टाकला. आता माघार नव्हती.

मी जात्याच रागीट. जो तो भावाचंच विचारी. मला भीती वाटते का, हे एकानेही विचारलं नाही. आतल्या आत धुमसत होते.

ठरल्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंबही जायला नको होता. आई मात्र डब्यात पेज घेऊन आली. आम्ही तलावात मासे मारणारे. पाण्यात उतरणाऱ्या माणसाला आमच्यात उपाशी धाडत नाहीत. नर्सची पाठ वळताच तिने मला पेज पाजली आणि कुणाला सांगू नको म्हणाली. मी मुकाट प्यायले.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी काही खाल्लं का विचारलं. मी नाही म्हणाले. भरल्या पोटी भूल दिली तर अन्न श्वासनळीत जाऊन जीव जाऊ शकतो, असं ते सहज बोलून गेले. खरं सांगितलं तर काम थांबणार, आणि तिकडे भाऊ रिकाम्या हाडांनी पडलेला. शेवटी सांगून टाकलं.

काम संध्याकाळवर गेलं. काही तासांनी बिघडत नाही, असं डॉक्टर म्हणत होते, पण माझा विश्वास बसेना. बाहेर येऊन आईवर ओरडले, "तुह्या पेजेपायी माहा भाऊ जाईन!"

संध्याकाळी कमरेच्या हाडातून मगज काढला आणि रक्त चढवतात तसा भावाच्या शिरेतून सोडला. मग रोज त्याच्या रक्ताच्या तपासणीची वाट पाहणं. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य. अठराव्या दिवशी आकडा वर सरकला. पेशी रुजल्या, पोरगा सुधारतोय, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं.

तिने हात जोडले. "अन् माह्या पोरीचा मगज भरून येईन ना जी?"

अठरा दिवस मी तिच्याशी धड बोललेही नव्हते.