छाटीचे प्रश्न

नातीचा नर्सिंगचा शेवटचा पेपर एकदा गेला. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, आता आणखी एकदाच बसायचं. पास झाली तर नोकरी, नाहीतर चिकोडीचं स्थळ उरकून टाकायचं. तिला लग्न नको होतं. तिने आपला चुकलेला एकेक प्रश्न पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिला, खाली चार उत्तरं, मागे बरोबर उत्तराचं अक्षर. घरात रिकामी मीच, म्हणून प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं.

मी मराठी चौथी शिकलेली. इंग्रजी वाचता येत नाही, एबीसीडी ही चार अक्षरं तेवढी ओळखते. मी पुठ्ठा तिच्यासमोर धरायची, ती अक्षर सांगायची, मी मागे बघायची.

निपाणीत मी उभा जन्म बिड्या वळल्या. तिथे वाईट बिडी छाटीत, म्हणजे बाद मालात, फेकतात. मी तेच केलं. चुकलेला पुठ्ठा छाटीत, उद्या पुन्हा. थांबून विचार केला तरी छाटीतच.

"आज्जी, वाचू तर दे गं," ती म्हणायची.

"बिडी वळताना कोण विचार करतंय? तुझं वाचून हुईस्तोवर पेशंट मरंल तिकडं."

रडायला लागली की मी चिकोडीच्या माणसाच्या टकलाचा विषय काढायची. मग ती डोळे पुसून नीट बसायची. महिन्याभरात छाट संपली. प्रश्नाचे पहिले दोन शब्द दिसले की तोंडातून अक्षर बाहेर. शेजारणींना बोलावून मी तिला त्यांच्यापुढे उत्तरं बोलून दाखवायला लावली.

परीक्षेहून आली ती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "माझंच प्रश्न लई आलतं आज्जी. पण उत्तरांच्या जागा बदलल्या हुत्या. मला नुसती अक्षरंच येत हुती."

चूक कुणाची ते मला तिथेच कळलं.

निकाल लागल्यावर मुलाने मला विचारलं, रोज घेऊन बसत होतीस, मग ही नापास कशी? खरं सांगितलं असतं तर त्याने तिला अजून एकदा बसू दिलं असतं. तो तसा ऐकणारा आहे.

मी म्हणाले, "तिच्या डोक्यातच न्हाय, त्याला मी काय करू?"

ती समोरच होती. माझ्याकडे बघत राहिली.

लग्नात ती सगळ्या थोरामोठ्यांच्या पाया पडली, माझ्या सोडून. बायका विचारायला लागल्या, तेव्हा मी सांगितलं, पोरगी पहिल्यापासूनच उद्धट आहे.